बोंडलें

सदतीस वर्षें मीं लोकांना झोपविण्याचें काम केलें. हें वाक्य उच्चारलें कीं नवख्या माणसाच्या मुद्रेवर जें कुतूहल उमटतें तें पाहण्यांत मला अजूनहि गंमत वाटते. कोणी समजतो, बाई अंगाई गात असतील. कोणी समजतो, बाई व्याख्यानें देत असतील. वास्तविक मी भूल देणारी डॉक्टर. रोग्याच्या उशाशीं बसावें, त्याला निद्रेच्या पैलतीरीं नेऊन सोडावें, आणि काम आटोपलें कीं तितक्याच अलगद परत आणावें, एवढाच माझा व्यवसाय. सर्जनाचें नांव रोगी जन्मभर विसरत नाहीं. भूल देणारीचें त्याला दुसऱ्या दिवशींहि आठवत नाहीं. आठवलें नाहीं म्हणजेच आपलें काम नीट झालें, असें आम्ही आपल्या मनाचें समाधान करून घेत असतों.

या सदतीस वर्षांत एक सोबती मात्र अखंड माझ्या उजव्या हाताशीं उभा होता. तो म्हणजे निळ्या रंगाचें एक सिलिंडर आणि त्यांतला नायट्रस ऑक्साइड, ज्याला लोक हंसविणारा वायु म्हणतात. सेवानिवृत्त झालें त्या दिवशीं मीं त्या सिलिंडरवर क्षणभर हात ठेवला आणि मनांत म्हटलें, आपली ओळख आतां संपली. ती संपलेली नव्हती. २०२४ च्या मे महिन्यांत, पुण्यापासून हजारों मैल दूर, मध्य इंग्लंडांतल्या एका लहानशा गांवीं, माझ्या भाच्याच्या मोटारीच्या डिकींत तो वायु मला पुन्हां भेटला.

हा भाचा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हां तो अकरा वर्षांचा होता. त्याचें पुढचें शिक्षण, त्याचे ताप, त्याचे हट्ट हें सारें आमच्या सदाशिव पेठेंतल्या घरांत झालें. 'माय मरो पण मावशी उरो' ही म्हण मला कधींच आवडली नाहीं. परंतु ती आमच्या वांट्याला आली खरी. पुढें तो यंत्रशास्त्र शिकला, इंग्लंडांत नोकरीला लागला, तेथेंच स्थिरावला. त्याला मुलगी झाली आणि ती पांच महिन्यांची होतांच मी नातीचें कौतुक करावयास गेलें. बॅगेंत गोधड्या होत्या, डिंकाचे लाडू होते, आणि आमच्या घरांतलें, ज्यानें भाच्यालाहि दूध पाजलें होतें तें, चांदीचें बोंडलें होतें.

तेथें गेल्यावर तिसऱ्या दिवशींच भाचेसुनेनें मला स्वयंपाकघरांत गांठलें. पोळ्या लाटतां लाटतां ती म्हणाली, "मावशी, तुमचा शब्द तो मोडायचा नाही. एवढी ती बाटली गाडीतून काढून टाकायला सांगा."

प्रकार असा होता. भाच्यापाशीं एक जुनी मिनी मोटार आहे. ॲलेक इसिगोनिस नांवाच्या कल्पक यंत्रज्ञानें १९५९ सालीं जगापुढें आणलेली ती चिमुकली गाडी. भाच्याची त्यांतली मागाहूनची, १२७५ घनसेंटिमीटर इंजिनाची. सुटीच्या दिवशीं तिचा सांगाडा उघडावयाचा आणि पुन्हां मिटवावयाचा, हेंच त्याचें व्यसन. या गाडीची शक्ति साठ-पासष्ट घोड्यांची. ती आणखी पंचवीस घोड्यांनीं वाढवावी म्हणून आदल्या वर्षीं त्यानें इंजिनांत नायट्रस ऑक्साइड सोडण्याची व्यवस्था केली. आणि पहिल्याच शर्यतीच्या दिवशीं एका पिस्टनला रुपयाएवढें भोंक पाडून, धुरानें माखलेली गाडी दोरीनें ओढून घरीं आणली. त्या वेळीं भाचेसून सात महिन्यांची गरोदर होती. आतां नवें इंजिन बसलें होतें, आणि बाटली पुन्हां डिकींत आली होती.

"या वेळी पिस्टन गेला, मावशी," ती म्हणाली. "पुढच्या वेळी काय जाईल?"

या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मीं तिला वचन दिलें आणि पदर खोंचून गॅरेजांत गेलें. हुकूम सोडावयाचा, एवढाच माझा मनोदय होता.

भाच्यानें डिकी उघडली. आंत पट्ट्यांनीं जखडलेलें निळें सिलिंडर तिरकें निजलें होतें. चाळीस वर्षांपूर्वीं सोडून गेलेली मैत्रीण परक्या बाजारांत अवचित समोर यावी तसें मला झालें. हुकूम ओठांवरच राहिला. मीं विचारलें, "दाब किती दाखवतोय?"

"पन्नासच्या वर जरा. भरलेली आहे, मावशी."

"दाबावरून कसं सांगतोस रे भरलेली आहे म्हणून?"

तो चमकून माझ्याकडे पाहूं लागला. हा वायु सिलिंडरमध्यें द्रवरूपानें असतो, आणि वीस अंश उष्णतेला त्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारें पन्नासपट असतो. जोंवर आंत द्रवाचा थेंब आहे तोंवर दाबमापकाचा कांटा जागचा हालत नाहीं. मग सिलिंडर भरलेलें असो वा तळ गांठलेलें असो. किती उरलें हें कळावयास तें वजनच करावें लागतें. हा धडा मीं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना किती वेळां दिला असेल, गणति नाहीं. दुसरी गोष्ट मीं सांगितली ती अशी कीं, ३६.४ अंशांच्या वर हा वायु कितीहि दाबला तरी द्रव होऊन राहत नाहीं. त्यामुळें आपल्या पुण्याच्या वैशाखांत गाडी उन्हांत ठेवलीस तर तुझें सारें गणित चुकेल. भाच्याच्या डोळ्यांत मीं तेव्हां जो आदर पाहिला तसा त्याच्या दहावीनंतर पाहिलेला नव्हता. आणि खरें सांगावयाचें तर माझाहि अहंकार सुखावला. भाचेसुनेला दिलेलें वचन मीं त्या सायंकाळपुरतें बाजूला ठेवलें.

मग त्यानें मला समजावून सांगितलें तें असें. इंजिनाला पेट्रोल हवें तेवढें पाजतां येतें. अडतें तें प्राणवायूपाशीं. हवेंत वजनानें शेंकडा तेवीस भाग प्राणवायु असतो, नायट्रस ऑक्साइडमध्यें छत्तीस. इंजिनाच्या पोटांतल्या उष्णतेनें, तीनशें अंशांच्या आसपास, हा वायु फुटतो, प्राणवायु मोकळा होतो, आणि फुटतांना स्वतःचीहि थोडी उष्णता देऊन जातो. शिवाय तो द्रव शून्याखालीं अठ्ठ्याऐंशी अंशांना उकळतो. म्हणून आंत शिरतांना तो भोंवतालच्या हवेला गार व दाट करून आणखी हवा आंत घेतो. एक भाग पेट्रोल जाळावयास हवा पावणेपंधरा भाग लागते. नायट्रस साडेनऊ भागांत भागतें. दुसऱ्या महायुद्धांत उंचावरच्या विरळ हवेंत धापा टाकणाऱ्या विमानांच्या इंजिनांना जर्मनांनीं हाच वायु पाजला होता.

"पण मग पिस्टनला भोंक का पडलं?" मीं विचारलें.

येथें माझ्या भाच्यानें मान खालीं घातली. अपराध कबूल करतांना तो लहानपणींहि असाच पायाच्या अंगठ्यानें जमीन उकरीत असे.

चूक एक नव्हती, तीन होत्या. पहिली अशी कीं, सिलिंडरमधून वायु सुटतो तो सेकंदाला ठराविक मापानें. इंजिनाच्या गतीशीं त्याला कर्तव्य नसतें. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर हें माप पुष्कळ घोटांत वांटलें जातें. तेंच दोन हजार फेऱ्यांवर असेल तर प्रत्येक घोटांत तिप्पट वायु कोंबला जातो, आणि दाबाचा तडाखा पिस्टनला व त्याच्या दांड्याला सोसत नाहीं. मोठ्या इंजिनांत हाडें जाड असतात. अशा लहानग्या इंजिनांत तीं बेतास बात. भाच्यानें कमी फेऱ्यांवर असतांनाच बटण दाबलें होतें, आणि बटण असें होतें कीं दाबतांच पंचवीसच्या पंचवीस घोडे एकदम अंगावर यावेत. दुसरी चूक अशी कीं, नायट्रसनें ज्वलन झपाट्यानें होतें, म्हणून ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते. तें केलें नव्हतें. तिसरी चूक सर्वांत घातक. नायट्रसबरोबर जादा पेट्रोलहि पोंचावें लागतें. प्राणवायु पुष्कळ आणि पेट्रोल तोकडें, अशी स्थिति झाली कीं उष्णता भलतीच चढते, मिश्रण वेळेआधींच ठोके देऊन पेटूं लागतें, आणि पिस्टन ज्या ॲल्युमिनियमचा घडवलेला तें मऊ पडतें. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतें. मग भोंक पडावयास क्षण लागत नाहीं.

आतां त्यानें जें नवें यंत्र बसविलें होतें तें या पहिल्या चुकीवरचा उतारा होता. हाताच्या तळव्याएवढी एक डबी. वायूची झडप आणि पेट्रोलची झडप, दोन्ही विजेच्या. ही डबी त्यांना एका सेकंदांत दहा-पंधरा वेळां उघडते आणि मिटते. उघडें राहण्याचा काळ आरंभीं थोडा ठेवावयाचा आणि तो वाढवीत न्यावयाचा. भाच्यानें आरंभ शेंकडा तीसवर केला होता, आणि तीन सेकंदांत शंभरावर पोंचावें असें जुळविलें होतें. तिसाहूनहि खालीं आरंभ कां नाहीं केलास, असें मीं विचारलें. तो म्हणाला कीं फार अल्पकाळ विजेचा झटका दिला तर झडपांना नीट उघडावयासहि वेळ मिळत नाहीं; एक अर्धी उघडते, दुसरी मुळींच नाहीं, आणि पेट्रोल व वायु यांचें प्रमाण बिघडतें. सोसेल तेवढेंच द्यावें हें खरें, पण इतकेंहि कमी नको कीं दिलें आहे कीं नाहीं हेंच कळूं नये.

मी हंसलें. "अरे, हे तर बोंडलं!" मीं म्हटलें.

नातीला दूध मी बोंडल्यानें पाजीत असें. बोंडल्याची चोंच ओठांशीं लावावी, किंचित् कलवावी, घोट गिळला कीं सरळ करावी, पुन्हां कलवावी. घोट अंगवळणीं पडला कीं कलणें वाढवावें. उतावीळपणानें एकदम उपडें केलें तर बाळाला ठसका लागतो, आणि दूध नाकांत जातें. दूध तेंच, वाटी तीच. जें पोसतें आणि जें गुदमरवितें त्यांत फरक एवढाच कीं तें कसें दिलें. माझ्या सदतीस वर्षांच्या विद्येचेंहि सार यापलीकडे नाहीं. हंफ्री डेव्हीनें १७९९ सालीं ब्रिस्टल येथें हा वायु स्वतः हुंगून पाहिला, आणि १८०० सालीं ग्रंथ लिहून शस्त्रक्रियेंत तो उपयोगी पडण्याचा संभव आहे असेंहि नमूद केलें. पण चव्वेचाळीस वर्षें लोक त्याची केवळ करमणूक करीत राहिले. १८४४ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतल्या होरेस वेल्स या दंतवैद्यानें हा वायु घेऊन स्वतःचा दांत काढवून घेतला. त्याला वेदना झाली नाहीं. दुसऱ्या महिन्यांत बोस्टनच्या डॉक्टरांपुढें त्यानें प्रयोग करून दाखविला, तेव्हां रोगी ओरडला आणि सभेनें वेल्सची हेटाळणी केली. वायूची पिशवी लवकर काढली गेली होती. वायूंत उणें नव्हतें, मात्रेंत होतें. त्या अपमानानंतर तो कधीं सांवरला नाहीं. १८४८ सालीं त्यानें आपलें जीवन संपविलें. मात्रेच्या चुकीनें एकाचा पिस्टन जातो, एकाचें आयुष्य जातें.

भाच्यानें मग सुरक्षिततेची सारी साखळी मला दाखविली. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला असेल तरच विजेचा मार्ग जुळावयाचा. इंजिनाचे फेरे तीन हजारांच्या वर गेले तरच झडपा उघडावयाच्या, आणि कमाल मर्यादेच्या बरेंच अलीकडे त्या मिटावयाच्या. कारण मर्यादेपाशीं ठिणगी तोडली जाते, आणि तशा स्थितींत न जळलेला वायु व पेट्रोल आंत सांचलें तर पुढच्या ठिणगीला तें बाहेरच्या बाहेर भडकतें. वायु चालूं असतां ठिणगी तीन-चार अंश मागें. स्पार्क प्लग एक श्रेणी थंड. पेट्रोल बाजारांत मिळणारें सर्वांत वरच्या प्रतीचें. धुराड्याच्या नळींत मिश्रण मोजणारा एक संवेदक, त्याचे आंकडे पुढच्या फळीवर. सिलिंडरची मुख्य चावी शर्यतीच्या ठिकाणींच उघडावयाची. दाब भलताच वाढला तर फुटणारी जी चकती सिलिंडरला असते तिची नळी गाडीबाहेर काढलेली, म्हणजे बंद गाडींत वायु कोंडून चालकच निजूं नये. सिलिंडर तापवावयास आगीची ज्योत कधींहि जवळ न्यावयाची नाहीं, आणि जोडांना तेलाचा वा ग्रीसचा हात लागूं द्यावयाचा नाहीं. ही शेवटची गोष्ट ऐकून मला माझ्या जुन्या वॉर्डबॉयची आठवण झाली. चावी घट्ट झाली म्हणून तो एकदां खोबरेल घेऊन धांवत आला होता.

साखळींतली शेवटची कडी म्हणजे पेट्रोलच्या नळीवरचा एक लहानसा स्विच. पेट्रोलचा दाब ठराविक मर्यादेखालीं उतरला कीं तो नायट्रसची वीज तोडतो. ही कडी पाहून माझें मन भरून आलें. कारण भूल देण्याच्या यंत्रांतहि हीच योजना आहे. प्राणवायूचा दाब उतरला कीं नायट्रसचा पुरवठा आपोआप बंद पडतो. एकीकडे ज्याला प्राणवायु द्यावयाचा तो देह, दुसरीकडे ज्याला पेट्रोल द्यावयाचें तें इंजिन. पण नियम एकच. आधाराचा पुरवठा खुंटला तर धाडसाचा पुरवठा आधीं बंद झाला पाहिजे.

रात्रीं मीं भाचेसुनेला सांगितलें कीं मी अजून पाहत आहें, मला थोडा वेळ दे. ती कांहीं बोलली नाहीं. तिनें मुलीला माझ्या मांडीवरून उचलून घेतलें. त्या न बोलण्यांत सारें बोलणें होतें.

शर्यतीची जागा सँटा पॉड. बेडफर्डशायर परगण्यांत पॉडिंग्टन गांवापाशीं, दुसऱ्या महायुद्धांत जेथून अमेरिकन बॉम्बफेकी विमानें उडत त्या तळाच्या धांवपट्टीवर १९६६ पासून मोटारींच्या सरळ रेषेंतल्या शर्यती होतात. अंतर पाव मैल. हौशी लोकांना आपली घरची गाडी आणून पळविण्याचे दिवसहि असतात. जून महिन्यांतल्या तशा एका दिवशीं मी भाच्याबरोबर गेलें. रांगेंत उभे असतांना मीं म्हटलें, "चल, यंत्र तपासू." रोज सकाळीं पहिला रोगी आंत येण्यापूर्वीं भूलयंत्राची प्रत्येक नळी, प्रत्येक चावी बोटानें चांचपून पाहावयाची, ही संवय माझ्या हाडांत भिनली आहे. मीं बोनेटखालीं वांकून प्रत्येक तारेचा माग घेऊं लागलें. ॲक्सिलरेटरचा स्विच झाला. डबी झाली. मग पेट्रोलच्या स्विचशीं आलें, आणि माझें बोट थबकलें.

स्विचच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत तीन इंचांची एक लाल तार जोडलेली होती. वीज स्विचमधून न जातां त्या तारेंतून जात होती. स्विच होता, पण तो कांहींहि तोडूं शकत नव्हता.

"हे काय रे?"

तो गडबडला. "अगं, तो स्विच वेडा आहे. मागच्या आठवड्यात चाचणीला तिसऱ्या गिअरमध्ये दरवेळी मधेच तोडत होता. दाब बरोबर आहे, मी उभ्या गाडीत मोजला. नवा मागवलाय. आजच्यापुरता..."

आजच्यापुरता! हा शब्द ऐकला आणि माझ्यापुढचा तो हिरवा माळ, त्या गर्जना करणाऱ्या गाड्या सर्व कांहीं पुसट झालें. भाच्याला घेऊन मी गाडीच्या आडोशाला गवतावर बसलें आणि जी गोष्ट मीं माझ्या यजमानांनाहि कधीं सांगितली नव्हती ती त्याला सांगितली.

१९८३ सालची गोष्ट. एका रुग्णालयांत मी नवी होतें. त्या वेळच्या बॉइल यंत्रावर प्राणवायूचा दाब उतरला कीं शिटी वाजविणारें एक साधन असे. आमच्या यंत्रावरची शिटी आठवडाभर विनाकारण वाजत होती. दरवेळीं धांवत जाऊन पाहावें तों प्राणवायु भरपूर. सर्जन वैतागले, नर्सेस हंसूं लागल्या, मला शरम वाटली. एके सकाळीं मीं ती शिटी काढून ठेविली. आजच्यापुरती. दुपारीं एका विशीच्या मुलीचें आंतड्याचें ऑपरेशन होतें. रक्तांतला प्राणवायु मोजणारें, बोटाला लावावयाचें यंत्र तेव्हां आमच्या हातीं आलेलें नव्हतें. अर्ध्या तासानें सर्जन मान वर न करतांच म्हणाले, "बाई, रक्त काळं दिसतंय." मीं पाहिलें, प्राणवायूचें सिलिंडर संपलें होतें, आणि नायट्रस वाहतच होता. दुसरें सिलिंडर उघडावयास मला किती सेकंद लागले तें ठाऊक नाहीं. मला तें वर्ष वाटलें. मुलगी वांचली. चौथ्या दिवशीं तिनें मला हात जोडून नमस्कार केला. तो नमस्कार मी अजून फेडतें आहें.

"सहा वेळा ती शिटी खोटं बोलली होती," मीं म्हटलें. "सातव्या वेळी ती खरं बोलली असती. मी तिचं तोंडच बांधून ठेवलं होतं."

भाचा पुष्कळ वेळ गप्प बसला. मग उठला, पक्कड घेतली आणि लाल तार कापून काढली. सिलिंडरची चावी बंद केली. त्या दिवशीं गाडी केवळ पेट्रोलवर पळाली, एकोणीस सेकंदांच्या जरा अलीकडे पोंचली, आणि आम्ही दोघें घरीं आलों.

दुसऱ्या दिवशीं त्यानें पेट्रोलच्या नळीवर दाबमापक बसवून तो चालकाला दिसेल असा काचेबाहेर टेकविला आणि गाडी पळवून पाहिली. उभ्या गाडींत दाब पुरेसा होता. परंतु इंजिन पूर्ण जोरावर येतांच कांटा हळूहळू खालीं घसरूं लागला. पंपाआधींची गाळणी उघडली तों ती जुन्या टाकींतल्या गंजाच्या भुकटीनें निम्मी बुजलेली. चार पौंडांची गाळणी! माझी शिटी सहा वेळां खोटें बोलली होती. त्याचा स्विच एकदांहि खोटें बोलला नव्हता. तो दरवेळीं ओरडून सांगत होता कीं पेट्रोल अपुरें पडतें आहे, वायु थांबव. त्या दिवशीं लाल तारेवर तो पळाला असता तर दुसरें इंजिन पहिल्याच्या वाटेनें गेलें असतें. आणि इंजिनच गेलें असतें असें तरी कोणी सांगावें?

टाकी बदलली, गाळणी बदलली, स्विच आपल्या जागीं आला. सिलिंडरचें वजन करून तें वहींत लिहूं लागला. जुलैंत आम्ही पुन्हां सँटा पॉडला गेलों, आणि या वेळीं भाचेसूनहि मुलीला घेऊन आली. सुटतांना गाडी नेहमींसारखीच सुटली; मग तीन हजार फेऱ्यांच्या पुढें तिच्या आवाजांत एक बारीक थरथर आली आणि ती हिसका न खातां, जणू मागून कोणी तळहातानें ढकलावें तशी, पुढें सरत गेली. पूर्वींपेक्षां जवळजवळ दीड सेकंद कमी. ज्यांच्या गाड्या दहा सेकंदांत तेंच अंतर तोडतात त्यांच्या दृष्टीनें ही कासवाची चाल. परंतु इंजिन थंड झाल्यावर भाच्यानें चारी प्लग काढून मला तळहातावर दाखविले. चौघांचाहि रंग एकसारखा तपकिरी. रोगी शुद्धीवर येऊन स्वतःचें नांव सांगतो तेव्हां जें वाटतें तेंच मला वाटलें.

भाचेसुनेचें समाधान झालें असें मी म्हणणार नाहीं. परततांना ती मला म्हणाली, "मावशी, तुम्ही 'नको' म्हणाल असं वाटलं होतं." तिचें म्हणणें रास्त होतें. या वायूविषयीं माझ्याहि मनांत शंका आहेतच. पृथ्वीला तापविण्यांत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें दोनशें सत्तरपट समर्थ आहे, आणि त्यासाठीं पुष्कळ रुग्णालयेंहि त्याचा वापर कमी करीत आहेत. नशेसाठीं तो हुंगणाऱ्यांमुळें इंग्लंडच्या सरकारानें नोव्हेंबर १९२३ नव्हे, २०२३ मध्यें, म्हणजे अगदीं काल-परवां, त्यासाठीं तो बाळगणें गुन्हा ठरविलें. मग पाव मैलाच्या हौसेसाठीं तो कशाला, असें कोणी विचारलें तर मी वाद घालणार नाहीं.

पण मीं 'नको' म्हटलें असतें तर काय झालें असतें, याचा मीं विचार केला. भाच्यानें माझा शब्द मानला असता, आणि कदाचित् महिन्याभरानें, कोणाला न सांगतां, बाटली पुन्हां बसविली असती. ती लाल तार त्यानें कां लपविली होती? बायकोला कळलें तर ती म्हणेल 'बघ, मी सांगत होतें,' या भीतीनें. ज्या घरांत चूक सांगण्याची चोरी असते त्या घरांत तारा लपून जोडल्या जातात. मींहि १९८३ सालीं शिटी काढली ती सर्जन वैतागतील, नर्सेस हंसतील म्हणूनच. हें मीं भाचेसुनेला सांगितलें. ती थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली, मग म्हणाली, "तपासायची यादी मला लिहून द्या. पुढच्या वेळी मी तपासेन." त्या क्षणीं मला त्या घराची काळजी पुष्कळ कमी झाली.

पुण्याला निघण्याच्या आदल्या रात्रीं मीं यादी लिहून दिली. बारा कलमें झालीं. बोंडलें तेथेंच ठेवून आलें. नात आतां वाटीनें पिऊं लागली असेल, पण पुढें केव्हां तरी तें लागेल. त्याच्या मोबदल्यांत ती तीन इंचांची लाल तार मीं भाच्यापाशीं मागून घेतली. ती माझ्या शिवणाच्या डब्यांत आहे. सुई-दोरा काढतांना ती हाताला लागते, आणि शेजारच्या घरांत कुकरची शिटी उगाच वाजत असली तरी मी एकदां उठून विचारून येतें.